सव्वीस सेकंदांचा फरक

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. ऑपरेशनची जखम कशी आहे? हात खांद्याच्या वर जातो का? फोनवर तू ‘ठणठणीत’ म्हणालीस, पण अंगात एकशे दोन ताप असतानाही तू ठणठणीतच असतेस, म्हणून लेखी विचारते आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आई तुझ्यावर रागावली आहे, त्याचं कारण तुला ठाऊक आहे.

आता माझ्या नोकरीची हकिगत. (तू विचारलं नव्हतंस, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.) डॉक्टरांनी तुला समजावलंच असेल की गाठ काढलेल्या जागेत बारीक नळ्या घालतात आणि तारेच्या टोकावरचा तांदळाच्या दाण्याएवढा किरणोत्सर्गी कण प्रत्येक नळीत ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबत थांबत जातो. कुठे किती सेकंद थांबायचं, हे ठरवायचं आमचं काम. गाठीच्या जागेला पुरेसा डोस मिळाला पाहिजे आणि कातडीला नि बरगडीला होईल तितका कमी. कण रोज साधारण एक टक्क्याने म्हातारा होतो, म्हणून तेवढ्याच कामाला त्याला रोज थोडा जास्त वेळ लागतो (बाबांसारखं). हे सगळं कॉम्प्युटर काढतो आणि मी तेच हाताने पडताळते. त्या वेळी पडद्यावरच्या उत्तरापुढे मी एक स्टीलची ताटली उभी करते. आठव्या वर्षापर्यंत मला शाळेत न धाडता तूच घरी शिकवलंस, तेव्हा उत्तर झाकून गणित पुन्हा करायला लावायचीस. ती खोड इथवर आली आहे.

तर परवा टेबलावर एक निवृत्त बस-कंडक्टर बाई होत्या, नळ्या जोडून तयार. ताटली उचलली तर कॉम्प्युटर म्हणतो चारशे बारा सेकंद आणि माझी वही म्हणते तीनशे शहाऐंशी. सव्वीस सेकंदांचा फरक. पाच टक्क्यांवर फरक गेला की थांबायचं, असं आमच्या भिंतीवर लिहिलं आहे (अक्षर माझंच). मी थांबवलं. आत जाऊन बाईंना म्हटलं, थोडा उशीर होईल, गणित जुळत नाही. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, “तीस वर्षं माझ्या घंटीशिवाय बस हलली नाही. आज घंटी तुझ्याकडे. सावकाश दे.”

मग आमचे वरिष्ठ आले. त्यांना आम्ही पाठीमागे ‘शून्य पूर्णांक’ म्हणतो, कारण त्यांचा राग कधी एकापर्यंत पोचत नाही. त्यांनी माझी वही पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, मग भिंतीवरचं आठवड्या-आठवड्याचं कॅलेंडर पाहिलं आणि विचारलं, “आज तारीख काय?” मी कॅलेंडर बघून सांगितली. ती बरोब्बर सात दिवस जुनी निघाली. म्हणजे कण सात दिवसांनी म्हातारा झाला होता आणि मी त्याला तरुण धरून चालले होते. सोमवारी पान उलटायचं काम माझ्याकडे आहे. विसरू नये म्हणून मी ‘पान उलटणे’ असं लाल शाईने लिहूनही ठेवलं होतं. पुढच्या पानावर.

कॉम्प्युटर बरोबर होता. बाईंना पस्तीस मिनिटं उशिरा, पण नेमका डोस मिळाला. मी राजीनाम्याचा मसुदा मनात दोनदा लिहून टाकला (दुसरा जास्त चांगला होता). वरिष्ठ एवढंच म्हणाले, “थांबलीस ते बरोबर, का थांबलीस ते चूक. गुण पहिल्याचे देतो. पान उलट.”

हे सगळं वाचून तुला काय वाटेल, मला माहीत आहे. म्हणशील, बघा, माझी भाची किती काटेकोर. तसं म्हणू नकोस. इथे नातेवाइकाचं गणित आपण करायचं नाही, असा नियम आहे.

आतोबांना नमस्कार सांग. औषधं वेळेवर घे.

तुझी,
भाची

ता. क. “गणित भाचीने केलं तरच नळ्या घालून घेईन,” असं सांगून तू दोनदा तारीख पुढे ढकललीस. (आईच्या रागाचं कारण हेच.) येत्या बुधवारी सकाळी आठला ये. गणित वरिष्ठ करतील आणि दुसरे एक जण ते पडताळतील. मी नसेन. एवढं ऐक.

ता. क. २. वर लिहिलेला नियम कुठे लेखी सापडत नाही. दोन फायली चाळल्या. नियम माझाच आहे. तुझं स्कॅन परवा चुकून माझ्या पडद्यावर उघडलं आणि मला एकही आकडा वाचता आला नाही. बुधवारची मी रजा टाकली आहे. बाहेरच्या बाकावर बसेन, नुसती भाची म्हणून.