संत अंतोनीसमोरची मेणबत्ती

आई,

तुझ्या नातवाची सीडीसी मी चार दिवस लपवून ठेवली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण इकडचं तिकडचं लिहीत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल, आणि माझी ती सवय तुला पक्की ठाऊक होती. सीडीसी काय असते ते तुला सांगायला नको. बाबांचं ते पुस्तक तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवायचीस, आणि त्याच्याशिवाय खलाशाला बोटीवर पाय ठेवू देत नाहीत हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं. तू गेलीस तेव्हा हा चार वर्षांचा होता, तुझ्या पदराला धरून चर्चमध्ये बाकाखाली रांगायचा. आता तेवीस वर्षांचा आहे आणि आजोबांसारखाच बोटीवर लागलाय. मी किती नको म्हटलं! पण ह्या घराण्याच्या रक्तात खारं पाणी आहे, त्याला माझा इलाज नाही.

त्याची पहिली खेप कशीबशी पार पडली. कशीबशी म्हणजे माझी. तो मजेत होता. बोट अशा समुद्रातून चालली होती की जिथे बोटींवर हल्ले होतात म्हणून रोज बातम्यांत दाखवत होते. नऊ दिवस फोन नाही. त्या नऊ दिवसांत मी शाळेच्या ऑफिसात एका मुलीच्या दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाचीच तारीख घातली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, ही आज जन्मली आणि आजच दहावी पास झाली?" सगळे हसले, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. "आई, नेटवर्क नव्हतं गो," एवढंच. म्हणून गेल्या गुरुवारी, पुन्हा बोट लागली, सोमवारी मुंबईला हजर व्हायचंय असं सांगत त्याने झेरॉक्ससाठी ते पुस्तक जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी ते उचललं आणि तुझ्यासारखंच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. कुठे ठेवलं, विचार. आपल्या घरातल्या देवाच्या फळीवर, आल्तारावर, संत अंतोनीच्या तसबिरीमागे. मनाला म्हटलं, मी कुठे लपवतेय, मी तर देवाच्या हवाली केलंय. आपल्या सोयीचं असलं की देवावर भरवसा टाकायला किती सोपं जातं ते त्या दिवशी कळलं.

तुला काळजी करताना मी कधी पाहिलंच नाही, आणि लहानपणी मला त्याचा रागच यायचा. बाबा दहा-दहा महिने बोटीवर, आणि तू आंब्याच्या सीझनला कॅनिंगच्या कारखान्यात. मी तुझा डबा घेऊन यायचे तेव्हा तू डोक्याला फडकं बांधून सील झालेले पल्पचे डबे तपासत असायचीस. ते डबे मग गोदामात पंधरा दिवस नुसते रचून ठेवायचे. आतलं खराब असेल तर डबा आपोआप फुगतो, हे तू मला दाखवलं होतंस. मी विचारलं, "पण मधेच एखादा उघडून बघितला तर?" तू हसलीस. "चांगला असला तरी उघडलास की खराबच होनार ना गो. आपन धुवायचं, भरायचं, सील नीट करायचं. पुढचे पंधरा दिवस आपले नायत." तेव्हा मला वाटलं तू डब्यांबद्दलच बोलतेयस. कदाचित तू डब्यांबद्दलच बोलत होतीस. तू काही उपदेश करणाऱ्यांतली नव्हतीस, आणि हात तर तुझे कधी थांबलेलेच मी पाहिले नाहीत.

आणि त्या चिठ्ठ्या! ती गोष्ट निघाली की आपल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या अजून मला चिडवतात. मी दहा वर्षांची. बाबांचं शेवटचं पत्र येऊन दीड महिना झाला होता. रोज पोस्टमन पुढच्या घरी थांबून निघून जायचा. बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला पेटीत लोक आपापल्या विनंतीच्या चिठ्ठ्या टाकतात आणि फादर त्या वाचून दाखवतात, तर मी विचार केला की एका चिठ्ठीवर देव कशाला लक्ष देईल? मी सात लिहिल्या. एक डाव्या हाताने, एक तिरक्या अक्षरात, एक पेन्सिलीने, एक लाल शाईने, म्हणजे सात वेगवेगळे लोक मागताहेत असं देवाला वाटावं. फादर बिचारे वाचत गेले. समुद्रात असलेल्या एका खलाशासाठी. बोटीवरच्या एका बापासाठी. सुखरूप परत यावा म्हणून. सातव्या चिठ्ठीपर्यंत चर्चमधल्या बायकांची खात्री झाली होती की कुठली तरी बोट बुडाली आहे, आणि आपल्या वाडीतला बोटीवरचा माणूस तेव्हा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात माणसं. कुणी पाव आणला, कुणी उकडलेली अंडी, शेजारच्या भंडाऱ्यांच्या काकूंनी पेजेचं पातेलंच आणून ठेवलं. एक म्हातारी तर उंबऱ्यातच गळा काढून बसली. तू कारखान्यात जायला निघाली होतीस, हातात छत्री. तुला आधी कळेना की हिचं कोण गेलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला सगळं कळलं. लोकांना तू चहा पाजलास, खरं काय ते सांगितलंस, हात जोडून माफी मागितलीस. सगळे गेल्यावर मला समोर बसवलंस. मी मार खायच्या तयारीत. तू म्हणालीस, "काय गो, देव बहिरा हाय? एकदा सांगितलेलं त्याला ऐकू येत नाय?" मी म्हटलं, मला भीती वाटते. तू म्हणालीस, "भीती वाटू दे. भीती वाटली म्हनून देव रागावत नाय. पन तू ती गावभर वाटलीस. ती काकू बघ, घरात तापाचा पोर टाकून पेज घेऊन आली." आणि मग मला जवळ घेतलंस. "माझ्या काळजीनं तुझा बाप लवकर येनार असेल तर मी चार दिवस रजा टाकून काळजी करते. येनार हाय काय?" मी नाही म्हणून मान हलवली. मग मला ते पातेलं घासून काकूंकडे पोचवायला पाठवलंस. पत्र पुढच्या आठवड्यात आलं.

तर शुक्रवारपासून आपल्या घरात शोधाशोध सुरू झाली. गाद्या उलट्या, पेटारे रिकामे. ह्यांनी, म्हणजे तुझ्या जावयाने, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितलं. मीही शोधत होते, आई. पलंगाखाली वाकून वाकून शोधत होते. शनिवारी बोटीच्या एजंटचा फोन आला की सोमवारी पुस्तक नसेल तर दुसऱ्या मुलाला पाठवतो. तुझा नातू शांतपणे म्हणाला, "सर, घरातच आहे, मिळेल." मला मनातून आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. संध्याकाळी तो म्हणाला, "चला, संत अंतोनीला मेणबत्ती लावू या." हरवलेल्या वस्तूसाठी आपण दुसऱ्या कुणाकडे जाणार? तिघं गुडघ्यावर बसलो. तो प्रार्थना सांगत होता, हे डोळे मिटून होते, आणि मी त्या तसबिरीकडे बघत "हरवलेलं मिळू दे" म्हणत होते. इतकं निर्लज्ज आमेन मी जन्मात म्हटलं नसेल. रविवारी मिस्साच्या आधी कुमसाराला, फादरसमोर पापं कबूल करायला गेले. चिडचिड सांगितली, नणंदेबद्दल वाईट बोलले ते सांगितलं, शुक्रवारी चुकून मटण खाल्लं तेही सांगितलं. हे सांगितलं नाही.

मग मिस्सा सुटल्यावर हे म्हणाले, "बुधवारी मी रद्दी दिली होती. त्या वेळी पुस्तक टेबलावर होतं की नव्हतं, मला आठवत नाही. माझ्याच हातून गेलं असणार." आणि चर्चच्या कपड्यांत तसेच भंगारवाल्याकडे गेले. पुस्तक गुरुवारी टेबलावर आलं, हे मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. दोन तासांनी परत आले ते धुळीने माखलेले, अंगठ्याला पत्र्याने कापलेलं, त्याला रुमाल बांधलेला. पासष्ट वर्षांचा माणूस रद्दीचे गठ्ठे सोडून सोडून बघत होता. मोरीत पाय धुताना म्हणाले, "पोराचं नुकसान माझ्यामुळे झालं गं." माझी भीती मी पुन्हा वाटली होती, आई, आणि ह्या वेळी पेज घेऊन धावलेला माणूस माझ्याच घरातला होता. मी तिथेच त्यांना सांगितलं. त्यांनी अंगठ्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "त्याला तूच दे."

दुपारी तो मालगुंडहून, मित्रांचा निरोप घेऊन आला. मी तसबीर बाजूला केली, पिशवी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मला शुक्रवारीच दिसली होती. काडेपेटी घ्यायला हात घातला तर मागे पिशवी." माझा पारा चढला. "मग ती मेणबत्ती कशाला? नाटक?" "नाटक काय गो? मी खरंच मागत होतो. तुझ्या हातून मिळावी म्हणून. मी उचलून नेली असती तर तू सहा महिने इथे कशी राहिली असतीस?" मग ह्यांनी रद्दी उपसली ते कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि माझ्यावर जे ओरडला ते मी ऐकून घेतलं. ओरडून झाल्यावर त्यानेच बापाच्या अंगठ्याला औषध लावलं. संध्याकाळी मी बांगड्याचं तिखलं केलं. तिघंही पोटभर जेवलो, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली.

त्याच रात्री, म्हणजे काल, आम्ही त्याला रात्रीच्या गाडीला स्टेशनवर सोडलं. रिक्षात तो म्हणाला, "भीती वाटते काय?" मी म्हटलं, वाटते. तो म्हणाला, "मलाही वाटते." मला वाटलं होतं तो मला धीर देईल, पण त्याचं हे बोलणंच मला जास्त पुरलं. तुलाही वाटत असेल नाही, आई? रोज सकाळी डोक्याला फडकं बांधताना? मी कधी विचारलं नाही. तुला भीती वाटत नव्हती असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि म्हणून तुझ्यासारखं आपल्याला जमणार नाही असंही. आता वाटतं, तू भीतीसकट छत्री घेऊन कामावर जायचीस, बस्स.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि कबरीवर ठेवलं तर पावसात लगदा होईल. घडी घालून उशीखाली ठेवते आणि उद्या फाडून टाकते. फक्त एक राहिलं. गाडी हलली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला काहीही सुचवलं नाही. कुठल्या समुद्रातून ने, कधी फोन करू दे, काही नाही. एवढंच म्हणाले, "हा तुझा आहे, तू बघ." माझं मन खरंच हलकं झालं, शपथेवर सांगते. गाडीचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत तसं राहिलं. मग मी म्हणाले, "पण तिकडे थंडी आहे रे बाबा, त्याला तेवढा स्वेटर घालायला लाव."