वळणाच्या वरचं पाणी

ती. मामांना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का, की फक्त तुमच्याशी भांडण्यापुरता थांबतो? इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून.

ओढा आटल्यापासून महिनाभर पाण्यावर काळा तवंग येतोय. खालच्या रोपवाटिकावाल्याची तीन वाफे रोपं आठवड्यात करपली. येताजाता हसणारा माणूस, पण हल्ली कुणाशी बोलेनासा झाला. मग आमच्या गल्लीचं एकमत झालं, की ही घाण वरच्या आळीतल्या डोंगरवाल्यांची. (पुरावा? डोंगराकडची माणसं घाणेरडीच असतात, असं तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. मला तेवढा पुरला.) मंगळवारी सकाळी मोर्चा निघाला. आवाज मोठा, म्हणून पुढे मी.

काठाने वर जाताना माझ्या गॅरेजमागच्या वळणावर माझी नजर खाली गेली. झुडपाआडच्या पाइपातून गाड्यांचं जळकं ऑइल ओढ्यात ठिबकत होतं. पाइप माझाच. त्याच्या वरचं पाणी मात्र नितळ, तळातले दगड दिसावेत असं. मामा, मी काय केलं असेल? घोषणा आणखी जोरात दिली आणि झपाझप चालू लागलो, मागच्यांना खाली बघायला फुरसतच मिळू नये म्हणून. (लाज वाटते. पण खोटं तोंडाने बोलतो तेवढं पुरे, पत्रात कशाला?)

वरच्या आळीतली बेकरीवाली दारात उभी होती, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. ओरडाआरडा ऐकून ती गुपचूप मागे गेली आणि ओढ्याचं पाणी काचेच्या बरणीत भरून घेऊन आली. स्वच्छ होतं. ‘‘ह्यांची काहीतरी चलाखी असणार,’’ मागून कुणीतरी म्हणालं. रोपवाटिकावाल्याने बेकरीच्या काचेवर पहार उगारली. बाई हलली नाही. काचेच्या आत तिची म्हातारी सासू स्टुलावर बसलेली मला दिसत होती.

‘‘थांब! घाण माझ्या गॅरेजच्या पाइपातून येतेय,’’ मी म्हणालो. एरवी मैदानभर ऐकू जाणारा माझा आवाज तेव्हा पुटपुटल्यासारखा निघाला, म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

पहार खाली आली. रोपवाटिकावाला पायरीवर मटकन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बेकरीवालीच बोलली. ‘‘खालची माणसं कधी खरं बोलत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात,’’ ती म्हणाली आणि बरणी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, ‘‘भट्टीची राख आम्हीही ओढ्यातच टाकतो. ती तुमच्या वळणाच्या पुढे जाऊन साचते, म्हणून इथे दिसत नाही.’’ 

पाइप मी त्याच दुपारी बंद केला. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. रविवारी दोन्ही आळ्या मिळून ओढा उपसणार आहेत. तुमचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतील.

ता.क. दुसरा. बूट पाठवू नका, घालूनच या. गॅरेज माझ्या हाती दिलंत तेव्हा तो पाइप ओढ्यात सोडलेलाच होता, आणि वरचं झुडूपही तुम्हीच लावलेलं. रोपवाटिकावाल्याने विचारलं, पाइप मुळात घातला कोणी? मी नाव घेतलेलं नाही. ते रविवारी येऊन स्वतःच सांगतील, एवढंच म्हणालो. सकाळची सहाची बस तुम्हाला सोयीची पडेल.