भावाचा चेहरा, तैलरंगात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दाढी-कटिंग (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती घरात होती, ती सहा वर्षांपूर्वी वारली.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक मुलीला. जावयाने गॅलरी बंद करून घेऊ नये. तिथला उजेड फार चांगला आहे.

२. वस्तरे व कात्र्या पुतण्याला. हात चांगला आहे, धार लावायचा मात्र आळस.

३. ईझल, ब्रश व रंगांच्या नळ्या चित्रकलेच्या बाईंना. बायको गेल्यावर घर खायला उठले, म्हणून मी त्यांच्या वर्गात नाव घातले. चाळीस वर्षे लोकांचे चेहरे हाताळलेले, म्हटले, यात काय अवघड! माझे पहिले चित्र पाहून बाई म्हणाल्या, "काका, हा माणूस आहे की उकडलेला बटाटा? कातडी एका रंगाची नसते. डोळे बारीक करून बघा, गालाखाली हिरवा दिसेल." तो हिरवा दिसायला मला आठ महिने लागले.

४. धाकट्या भावाबद्दल. वडील गेल्यावर त्यांची दुकानातली खुर्ची त्याने मला न विचारता भंगारात दिली. त्यावरून आम्ही नऊ वर्षे बोललो नाही. पुढे बाईंनी जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढायला सांगितले. दोन तास न हलणारा ठोंब्या मला एकच माहीत होता. निरोप धाडला. आला, बसला. दोन रविवार तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या रविवारी कॅनव्हाससमोर येऊन म्हणाला,

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

"बाबांचंही एवढंच होतं."

त्याने स्वतःच्या नाकावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "दादा, ती खुर्ची रिकामी बघवत नव्हती रे मला."

नऊ वर्षांत हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

सबब तो राग मी येथे रद्द करतो. वारसांपैकी कोणीही त्यावर हक्क सांगू नये.

५. ते चित्र भावाला. डावा कान अपुरा आहे. गेल्या महिन्यात त्यासाठी रंग कालवला, तर म्हणाला, "कान राहू दे. चित्र पूर्ण झालं की मला रविवारी बोलावशील कशाला?" म्हणून माझ्या पश्चातही तो कान कोणी पूर्ण करू नये.

साक्षीदार:
१. चित्रकलेच्या बाई (सही)
२. तळमजल्यावरचे इस्त्रीवाले (सही)

लिहून देणार: (सही)

स्थळ: माझी गॅलरी.
दिनांक: सात मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ. भाऊ यायच्या आत.