तिघींपैकी थोरली कोण

तीर्थरूप मामांना, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे निदान माणसं तरी. पत्र केवळ तुमच्या गुडघ्याच्या चौकशीसाठी लिहितोय, दुसरं काहीही कारण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर मामी म्हणतील, भाच्याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणारच. शेक चालू ठेवा, जिना टाळा आणि डॉक्टरांशी वाद घालू नका. (एवढं लिहून उठलो आणि यार्डात एक चक्कर मारून आलो. तिन्ही इंजिनं जागच्या जागी आहेत. जाणार कुठे म्हणा, एकीला तर चाकंच नाहीत. पण गेले आठ दिवस दर दहा मिनिटांनी जाऊन बघितल्याशिवाय चैन पडत नाही. काल जेवताना तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तुमच्या भाचेसुनेने शांतपणे विचारलं की रूळ स्वयंपाकघरापर्यंत आणून घ्यायचे का.)

तुम्ही निवृत्त झाल्यापासून आपल्या अकरा किलोमीटरच्या लाइनवर काय काय झालं ते तुटक तुटक कानावर आलंच असेल. ताजी बातमी अशी की साहेबांनी डिझेलचं इंजिन आणलं. सहलीला येणाऱ्यांना वाफेचं इंजिन हवं असतं हे साहेबांना कळतं, म्हणून त्यांनी डिझेलच्या डोक्यावर पत्र्याची चिमणी बसवली, आत धुराचं यंत्र ठेवलं आणि कर्णा लावून छुकछुक वाजवायची सोय केली. ते चालवायला मला बसवलं. अंगावर स्वच्छ गणवेश, हाताला काम नाही, आणि समोर एक बटण: दाबलं की छुकछुक. पहिल्याच फेरीला तळ्याच्या अलीकडच्या चढावर डिझेल जे बसलं ते बसलंच. गाडी उभी, पण छुकछुक चालू, कारण बटण अडकलं होतं. पाऊण तास आम्ही एका जागी उभं राहून जोरात प्रवास करत होतो. डब्यातल्या एका आजोबांनी गार्डला विचारलं, की खिडकीबाहेरचं झाड आपल्याबरोबर येतंय का. गार्ड काय सांगणार, तो बिचारा खाली उतरून चाकांकडे बघत होता. शेवटी मी पायी शेडमध्ये परत आलो आणि वाफेच्या तिघींपैकी अजून चालणारी एकटी, आपली धाकटी, पेटवली. वाफ धरायला चार तास लागले, लोक डब्यातच डबे उघडून जेवले. पण धाकटी वर गेली आणि माणसं, डबे आणि ते छुकछुकणारं डिझेल, सगळं ओढून खाली घेऊन आली. मामा, वय झालंय तिचं, वाफ चार ठिकाणी गळते, पण चढावर तिने एकदाही कां कूं केलं नाही. मी तिच्या अंगावर हात ठेवून उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले. ते धुराने, असं मी गार्डला सांगितलं.

यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? डिझेल परत पाठवलं असतं. साहेबांनी डिझेलला नवा पंप बसवला आणि वाफेच्या तिघींचा निकाल लावायचं ठरवलं. लाइनवरचं सर्वांत पहिलं इंजिन, म्हणजे एक नंबर, शहरातल्या संग्रहालयाला द्यायचं. उरलेली दोन गॅसकटरने कापून भंगारात. साहेबांनी कागदावर मांडलं तेव्हा ते फार सोपं दिसलं. एक नंबरची पितळी पाटी धाकटीवर आहे, तेव्हा तीच पहिली. मग संग्रहालयाच्या बाई आल्या. लहानखुऱ्या, पाठीला पिशवी, हातात जुने फोटो. त्यांनी धाकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या की फोटोतल्या एक नंबरच्या खिडक्या गोल आहेत, हिच्या चौकोनी कशा? साहेब म्हणाले, कालांतराने झाल्या असतील. (मी ऐकलं, हसलो नाही.) तेव्हा बाईंनी सगळ्या शेडकडे बघून विचारलं, "या तिघींपैकी पहिली कोण, हे सांगू शकेल असं कोणी आहे का इथे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला मला जमत नाही, हे तुम्ही जाणताच. मी सांगून टाकलं, की थोरलीचा बॉयलर तडकला त्या वर्षी पाहुण्यांना एक नंबरमागे बसवायचं कबूल केलेलं होतं, म्हणून आम्ही तिची पाटी काढून धाकटीवर लावली, दोन दिवसांपुरती. त्याला बावीस वर्षं झाली. खरी थोरली मागच्या सायडिंगवर उभी आहे, चिमणीत साळुंक्यांचं घरटं आहे ती. (आम्ही म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. निवृत्त माणसाला त्रास कशाला.) बाई साळुंक्यांकडे गेल्या. तिथे खिडक्या गोल निघाल्या, पण चाकांच्या दांड्यांवर आकडे तीनचे! मग त्यांनी मधलीकडे मोर्चा वळवला, जी ठोकळ्यांवर बसून गेली तीस वर्षं बाकी दोघींना आपले अवयव देत आली आहे. संध्याकाळपर्यंत त्यांची वही भरली. थोरलीची घुमटी धाकटीवर, मधलीची चाकं थोरलीखाली, धाकटीचा पंप कोणालाच नाही, तो तुमच्या काळात विहिरीवर बसवला होता. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हणाले, तुम्ही लोकांनी इंजिनं चालवलीत की त्यांचं गाठोडं बांधलंत? मी म्हटलं, साहेब, एकीला चालती ठेवायला दोघींनी द्यावं लागतं, घरात असंच चालतं.

बाई मात्र हुशार. त्यांनी सांगितलं की बाकी सगळं बदलता येतं, पण इंजिनाची ओळख तिच्या फ्रेमवर असते. चाकांच्या मागे, आतल्या बाजूला फ्रेमच्या पोलादावर नंबर ठोकलेला असतो. शुक्रवारी त्या परत येतील, वर्षानुवर्षांचं ग्रीस खरवडतील, आणि जिच्या फ्रेमवर एक आहे ती संग्रहालयात जाईल. तोवर तिघींपैकी कोणालाही हात लावायचा नाही, पहिली कोण ते ठरल्याशिवाय तर नाहीच नाही, असं त्यांनी साहेबांकडून लिहून घेतलं. त्या कागदाची एक प्रत मी खिशात ठेवतो. (पुन्हा बघून आलो. आहेत.)

शुक्रवारपर्यंत माझ्याच्याने कुठला दम धरवतोय. काल दुपारी सगळे जेवायला गेले तसा खरवडणी घेऊन आत शिरलो. थोरलीच्या फ्रेमवर दोन आहे. मामा, सबंध नोकरीभर जिला मी थोरली म्हणून पहिला नमस्कार केला, ती मधली निघाली. धाकटीवर तीन, ती बिचारी होती तीच आहे. आणि ठोकळ्यांवरच्या, चाकं नसलेल्या, कोणी ढुंकून न पाहिलेल्या मधलीच्या फ्रेमवर स्वच्छ एक. मी तिथेच ग्रीसमध्ये बसलो. म्हणजे शुक्रवारी मधलीला क्रेनने उचलून शहरात नेतील, रंगवतील, पाटी लावतील, आणि शनिवारी सकाळी माझी धाकटी, जी अजून चालते, ती कापतील. मला ते बघवणार नाही. तिच्यानंतर मी ते बटण दाबत बसणार नाही, हेही साहेबांना सांगून झालंय. ते म्हणाले, बटण कोणीही दाबेल.

असो. जे खरं असेल ते शुक्रवारी बाहेर येईल, आपण मध्ये पडणारे कोण. गुडघा जपा. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. शेडमधलं आकडे ठोकायच्या पंचांचं जुनं खोकं उघडलं. शून्य आहे, दोन ते नऊ आहेत, एकची खोबण रिकामी आहे. बाजारात मिळणारा एक म्हणजे नुसती उभी रेघ. आपल्या जुन्याला वर चोच आणि खाली पाट असतो. तो तुमच्या ट्रंकेत असेल तर पत्र घेऊन येणाऱ्या गार्डच्या हाती ताबडतोब द्यावा. दोनचा आणि तीनचा आकडा मी कानशीने घासून काढलाय, जागा तयार आहे. बाईंनी पहिली ठरवल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही, असं लेखी आहे. आणि तिघी पहिल्या निघाल्या तर त्या बिचाऱ्या ठरवणार कशा?

पुन्हा ता. क. मधलीवरचा एक आज उजेडात नीट पाहिला. त्याच्या खालीही पोलाद घासलेलं आहे. आणि आकडा कललेला आहे. माझ्या पान्यावर तुम्ही नंबर मारून दिला होता, तो शेजारी धरून बघितला, तो तसाच कललेला. थोरलीवरचा दोनही असाच कललेला होता, घासून काढताना माझ्या लक्षात आलं नाही. मधलीलाही कापायला काढलं होतं त्या वर्षी तुम्ही दोन दिवस घरी जेवायला आला नव्हता, असं मामी सांगायच्या. मी काही विचारत नाही. फक्त तुम्ही डावखुरे आणि मी उजव्या हाताचा, तेव्हा तुमच्यासारखा उतरायला हातोडा कसा धरायचा, तेवढं पंचाबरोबर लिहून पाठवा.