मुंगीचं औषध आणि माझी खबरदारी

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा नमस्कार. पत्र वाचण्याआधी पाकीट पुन्हा एकदा हातात घेऊन बघ. चिकटवलेल्या कडेवर मी आडवी सही केली आहे. ती मधेच तुटलेली दिसली तर पुढचं वाचू नकोस, आधी पोस्टमनला गाठ. (तो नवीन आहे असं तू मागे म्हणाली होतीस. नवीन का, आणि जुना गेला कुठे, याची चौकशी केलीस का?) तुझी कंबर कशी आहे? पट्टा रोज बांधतेस असं तुझी सून सांगते, पण ती इतक्या लगेच सांगते म्हणूनच मला शंका येते. भावोजींचा खोकला एव्हाना गेला असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. मी लेकीच्या घरी पोचलो, मुंगी पोचली आणि तिचं औषधही पोचलं. कुणाच्या कृपेनं पोचलं तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आणखी कोण कोण ऐकत असतं ते आपल्याला कधी कळतं?

तुला सगळं ठाऊक आहेच, तरी पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू मधेच प्रश्न विचारशील आणि मला उत्तर द्यायला इथे तू नाहीस. लेक आणि जावई नोकरीसाठी या शहरात आले, मुंगीची शाळा बदलायला नको म्हणून ती आमच्याकडे राहिली. (नात सात वर्षांची होत आली तरी भिंतीच्या कडेकडेनं चालते आणि जमिनीवर पडलेला खाऊ उचलते, म्हणून मुंगी.) तिला झटके येतात. त्यासाठी एक पातळ औषध आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि ते फक्त आमच्याकडच्या मोठ्या दवाखान्याच्याच दुकानात मिळतं. डोस चुकवायचा नाही, चुकला तर झटका येऊ शकतो, एवढं एकच वाक्य डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले आणि ते माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. बाकी सगळं तुझी भावजय, म्हणजे आमची ही, बघते. मी झटका कधी पाहिलेला नाही. म्हणजे घरात येतो, पण आला की मी डॉक्टरांना फोन लावायला बाहेरच्या खोलीत जातो. (फोन लावायला कुणीतरी हवंच ना.) आता सुट्टी लागली, मुंगीला आईकडे सोडायचं आणि शाळा उघडली की परत आणायचं ठरलं, आणि नेमकं तेव्हाच भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणून मी, मुंगी आणि बाटली असे निघालो.

आता माझी खबरदारी. उभी नोकरी मी गोदामात माल तपासण्यात घालवली, हे तू जाणतेस. त्या नोकरीनं मला एकच गोष्ट शिकवली: खोक्यावर ज्या मालाचं नाव ठळक अक्षरात लिहिलेलं असतं तोच माल वाटेत नाहीसा होतो. चोराला वाचता येतं, अक्का. तेव्हा दुर्मीळ औषधाच्या बाटलीवर औषधाचं नाव, दवाखान्याचं नाव, वर मुलीचं नाव, अशी जाहिरात लावून मी विमानतळावर जाणार होतो होय? मी डोक्याच्या तेलाची एक रिकामी बाटली घेतली, उकळत्या पाण्यानं धुतली, वाळवली आणि फ्रिजमधल्या बाटलीतलं औषध त्यात ओतलं. मूळ बाटलीत साखरेचं पाणी भरून झाकण घट्ट लावलं. म्हणजे कुणी पळवलीच तर साखरेचं पाणी पळवेल आणि आपलं औषध तेल बनून सुखरूप जाईल. भावजय पाय लांब करून स्वयंपाकघरात बसली होती. तिनं सगळं पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

निघताना टॅक्सीवाल्यानं विमान किती वाजता आहे असं विचारलं. त्याला काय करायचंय? मी दुसरीच वेळ सांगितली, त्यामुळे तो रमतगमत चालवू लागला आणि मला मधेच खरी वेळ सांगावी लागली, तेव्हापासून तो आरशातून माझ्याकडेच बघत होता. विमानतळावर रांगेत आमच्या मागे एक सद्गृहस्थ उभे होते, हातात पिशवी, आणि पिशवी रिकामी. रिकामी पिशवी घेऊन कोण विमानानं जातं? एका बाईनं मुंगीकडे बघून स्मितहास्य केलं. मी मुंगीला माझ्या पुढे घेतलं आणि पुन्हा एकदा पाठ म्हणवून घेतला: अनोळखी माणसानं नाव विचारलं तर सांगायचं नाही, कुठे चाललो ते सांगायचं नाही, मी तुझा कोण तेही सांगायचं नाही. पोरगी गुणाची, मान डोलावली. माझा पट्टा काढायची वेळ आली तेव्हा माझा एक हात पँटीला, दुसरा पाकिटाला आणि डोळे मागच्या रिकाम्या पिशवीवर. डोळ्यांत तेल घालून पहारा म्हणतात तो हाच. मुंगी पुढे काय करते आहे याकडे तेवढ्या वेळात माझं लक्ष नव्हतं, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

यंत्रातून माझी बॅग बाहेर आली आणि तिथल्या तपासनीस बाईंनी ती बाजूला घेतली. लहान वयाच्या, केस घट्ट बांधलेले, बोलायला अगदी मऊ. (मऊ बोलणाऱ्या तपासनिसावर मी कधीही विश्वास ठेवत नाही, मी स्वतः मऊ बोलायचो.) त्यांनी लेबलाची बाटली उचलली, वाचली, मुंगीकडे बघितलं, लहान मुलांच्या औषधाला परवानगी आहे म्हणाल्या आणि बाटली परत ठेवली. मग उचलली तेलाची. तेल एवढं नेता येणार नाही काका, म्हणून त्या बाटली शेजारच्या पिंपात टाकायला निघाल्या. अक्का, माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळचा डोस विमानात द्यायचा होता आणि तो डोस कचऱ्यात चालला होता. मी बाईंच्या हातातली बाटली धरली. त्यांनी सोडली नाही. मी सांगितलं, हे तेल नाही, औषध आहे. मग त्यात काय आहे, त्यांनी लेबलाच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं. साखरेचं पाणी, मी म्हणालो.

हे वाक्य कानाला कसं लागतं ते म्हणेपर्यंत मला कळलं नव्हतं. लहान मुलीच्या औषधाच्या बाटलीत एका म्हाताऱ्यानं साखरेचं पाणी भरलंय आणि तेलाच्या बाटलीला मिठी मारून उभा आहे. बाईंचा मऊपणा तिथल्या तिथे संपला. त्या खाली वाकल्या आणि मुंगीला विचारलं, बाळ, हे तुझे कोण? मुंगीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते सांगायचं नाही." नाव काय तुझं? तेही सांगायचं नाही. कुणी सांगितलं असं? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मागचे रिकाम्या पिशवीचे सद्गृहस्थ दोन पावलं मागे सरकले आणि पिशवी छातीशी धरून माझ्याकडे संशयानं बघू लागले. जन्मभर मी लोकांकडे तसं बघत आलो, पण आपल्याकडे कुणी तसं बघितलं की कसं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं.

आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ. (बंद का ठेवलं होतं, कुणास ठाऊक.) त्या बाईंचे वरिष्ठ आले, जाडजूड मिश्या, त्यांनी दोन्ही बाटल्या समोर मांडल्या आणि मुलीच्या आईचा नंबर मागितला. मी दिला, मनात म्हटलं सुटलो. साहेबांनी फोन लावला. पण अनोळखी आवाजाला घरची कसलीही माहिती द्यायची नाही, हा नियम लेकीला लहानपणी मीच घालून दिलेला. तिनं शांतपणे सांगितलं की मला मुलगी नाही आणि वडीलही नाहीत, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर बंद. साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. मला तुरुंगाची भीती नव्हती, खरं सांगतो. मला एवढंच दिसत होतं की यांनी मुंगीला माझ्यापासून वेगळं केलं आणि ओळखदेख नसलेल्या लोकांत तिला झटका आला, तर?

मग साहेबांनी भावजयीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, "त्यांनी ते तेलाचं सांगितलं का तुम्हाला?" सांगितलं म्हणाल्यावर ती हसली, अक्का, त्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढी हसली. मग म्हणाली, हे माझेच यजमान, मुलगी आमचीच नात, आणि त्या दोन्ही बाटल्यांत साखरेचं पाणी आहे. मी तेलाची बाटली मागितली तेव्हाच तिनं माझा डाव ओळखला होता. गेल्या महिन्याच्या रिकाम्या बाटलीत तिनं नारंगी रंगाचा पाक करून तो फ्रिजमध्ये पुढे ठेवला आणि मी तोच पाक मोठ्या हुशारीनं तेलाच्या बाटलीत ओतला. खरी बाटली, सील न फोडलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मुंगीच्या पाठीवरच्या दप्तरात होती. मुंगीनं ती यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरच्या ट्रेमध्ये स्वतः काढून ठेवली होती, हे माझं औषध म्हणून तिथल्या माणसाला सांगितलं होतं आणि त्यानं मान हलवून ती कधीच पुढे जाऊ दिली होती. मी तेव्हा पँट धरून मागे बघत होतो. मला का नाही सांगितलंस म्हणून मी मुंगीला विचारलं, तर म्हणाली, आजीनंही सांगितलं होतं, आजोबांना सांगायचं नाही. पाठ तिचा पक्का, दोष कुणाला देणार?

साहेबांनी तरी नियमाप्रमाणे मला दोन्ही बाटल्यांतला घोट घ्यायला लावला. दोन्ही गोड. मिश्यांच्या आड ते हसत होते, पण मी रागावलो नाही. खरी बाटली बघितली आणि ती दोन्ही हातांत धरून खुर्चीवर बसून राहिलो. बाईंनी पाणी आणून दिलं. (मी ते आधी हुंगलं. सवय.)

विमानात डोस द्यायची वेळ झाली. मुंगीनं माप स्वतः धरलं आणि मी फक्त ओतलं. मापाला लागलेलं औषध मी जिभेला लावून पाहिलं, खरं आहे ना म्हणून. कडू जहर. ती ते रोज दोनदा पिते आणि तोंडही वाकडं करत नाही, हे मला माहीत नव्हतं. मग खिडकीतले ढग बघता बघता तिनं मला सांगितलं, मला झटका आला की काय होतं ते मला कळत नाही, म्हणून ते तुला माहीत हवं आजोबा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि घड्याळ बघायचं. खेळाचे नियम सांगावेत तसं सांगत होती. मी दोनदा विचारून घेतलं.

बाकी सर्व क्षेम. लेक सॉरी म्हणाली, पण मला तिचं कौतुकच वाटलं. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, कंबरेचा पट्टा खरोखर बांधत जा.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र भावजयीला वाचून दाखवू नकोस. ती तशीही पाक कसा केला ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटली असणार.

पुन्हा ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शाळा उघडली की मुंगीला परत न्यायचं आहे. तू भावजयीचा गुडघा बघायला येणारच होतीस, तर आधी इथे ये आणि आमच्याबरोबर इथूनच चल. सामान मी सांभाळतो, चोर सांभाळतो, पण ढगांत झटका आला तर तिथे बाहेरची खोली नाही. मी डॉक्टरांना फोन लावायला जातो हे इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं, पण डॉक्टरांना फोन भावजयच लावते. मी नुसता बाहेर उभा राहतो. मला भीती वाटते, अक्का. तू ये.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं, म्हणून कडेवर दोन सह्या आहेत, घाबरू नकोस. आज दुपारी मुंगीला थोडा ताप होता आणि झटका आला. लेक औषधाच्या दुकानात गेली होती, जावई कामावर. खोलीत मी एकटा. दारापर्यंत गेलो होतो, खोटं कशाला सांगू. मग परत फिरलो. कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा सदरा ठेवला, घड्याळ बघत बसलो, तिच्याशी बोलत राहिलो. थोड्या वेळानं थांबला. डोळे उघडल्यावर तिनं आधी मला शोधलं आणि माझी बाही धरून झोपी गेली. डॉक्टरांशी लेकीचं बोलणं झालं, काळजीचं कारण नाही म्हणाले. तेव्हा विमानात तू यायलाच हवंस असं आता काही नाही. पण ती झोपल्यापासून माझं अंग कापतंय ते अजून थांबत नाही, अक्षर बघून तुला कळलंच असेल. म्हणून तू येच. मुंगीकडे मी बघेन. माझ्याकडे बघायला कुणीतरी हवं.