मऊ भाताचा नेम

प्रिय आत्या,

काल तुझ्या वर्षश्राद्धाला मी नेम मोडला. तुझ्या धाकट्या जावेला, म्हणजे वसूकाकूंना, तुझ्यापर्यंत पोचायची काही सोय असती तर त्यांनी कालच कळवलं असतं. म्हटलं, त्यांच्या आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं.

आज ऑफिसला सुटी घेतली आहे. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरात पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून लिहिते आहे. घाबरू नकोस, नेहमीचंच दुखणं आहे. उजवीकडे, खाली, तुला माहीत आहे तिथेच.

तुला ती जागा कळली ती गौरी जेवणाच्या दिवशी. आठवतं? पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि वर्ष-दीड वर्षात डॉक्टरांनी क्रोन्स सांगितला. आतड्याला सूज येते, जखमा होतात, औषधाने निवतात, पुन्हा उलटतात. जन्मभराची सोबत. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. चामराजपेटच्या तुझ्या घरी पंगतीला बसले आणि आग्रहाला बळी पडले. तुझ्या सासरच्या माणसांचा आग्रह म्हणजे काय विचारतेस! पानावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूने वाढतात. सगळं खाल्लं, आणि तासाभराने तुझ्या आतल्या खोलीत फरशीवर पोटाशी गुडघे घेऊन पडले.

तू आत आलीस, दार लावलंस आणि शेजारी बसलीस. काय झालं, काय खाल्लंस, असलं काही नाही. तू एवढंच विचारलंस, "कुठे?" मी जागा दाखवली. "पिळतं, की कापतं, की जळतं? येऊन जातं, की बसून राहतं?" इतक्या बारकाईने तोवर मला घरात कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. हिला हे प्रश्न सुचले कसे, हा प्रश्न मात्र मला तेव्हा सुचला नाही.

मग तू उठून बाहेर गेलीस आणि माजघरभर जाहीर केलंस, "पोरीनं देवीचा नेम धरलाय. आजपासून मऊ भात, तूप, मीठ. जेवण झालं की घटकाभर आडवं व्हायचं. कोणी आग्रह करायचा नाही."

मी नंतर तुला म्हटलं, जेवल्यावर आडवं व्हायला सांगणारी देवी कुठली गं? तू म्हणालीस, "आपली."

आणि वर समजावलंस, आजार म्हटला की प्रत्येकाकडे औषध असतं. नेम म्हटला की सगळे गप्प बसतात.

खरंच गप्प बसले! लग्नात, मुंजीत, सत्यनारायणाला माझ्यासाठी वेगळं पातेलं चढायला लागलं. एक मात्र झालं. बिनलग्नाची मुलगी, नेम धरलाय, म्हणजे नवऱ्यासाठीच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वसूकाकू तर मला भात वाढताना दरवेळी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. नवरा आला नाही, पण भात वेळेवर येत राहिला.

तूही माझ्या शेजारी बसून तोच भात घ्यायचीस. मला सोबत म्हणून. मला तेव्हा तसंच वाटायचं.

तुझं स्वतःचं व्रत वेगळं होतं, मौनाचं. त्याला ना वार ना तिथी. कधी मंगळवारी, कधी सलग तीन दिवस. ओठांवर बोट ठेवायचीस, कानावरून गालावर सुती ओढणी घट्ट घ्यायचीस आणि खिडकीपासून लांब बसायचीस. मी तुला चिडवायचे की तुझ्या देवाकडे कॅलेंडर नाही वाटतं. तू हसायचीस, तेही अर्ध्याच तोंडाने.

तू गेल्यानंतरच्या वर्षात माझं बरं चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही. ठरल्या वेळी हॉस्पिटलात जाऊन हातात सलाईन लावून घेते, लॅपटॉप मांडीवर. सूज बरीच उतरली आहे. दुखणं उतरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं, सूज गेली तरी नसा दुखत राहतात. दुकानातली दुखण्याची गोळी मला चालत नाही, आतड्याला लागते. मग गरम पिशवी, थोडं थोडं खाणं, संथ श्वास, गच्चीवर फेऱ्या. दर खेपेला विचारतात, दुखण्याला दहापैकी किती देशील? चार असलं तर मी मीटिंगला बसते, सहाला कॅमेरा बंद करते, आठला आजारी असल्याचं कळवते आणि कारण सर्दीचं देते. ऑफिसमध्ये माझ्या सर्दीबद्दल सगळ्यांना फार काळजी आहे.

मात्र आतडं एका जागी अरुंद झालंय. रेषाळ, सालाचं काही अडकलं तर थेट ऑपरेशन, असं गेल्या महिन्यातच डॉक्टरांनी बजावलं. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तर काल. पानं मांडली. वडे, गवारीची भाजी, कारलं, आमसुलाची चटणी, खीर. मऊ भाताचं पातेलं नव्हतं. ते चढवणारी तूच होतीस ना! मी घरून डबा नेला होता, तो पिशवीतून काढला.

"अय्यो, श्राद्धाच्या पंगतीत डबा?" वसूकाकू गवारीचं भांडं घेऊन समोर उभ्या. "तो नेम अक्कानं दिलेला. देणारी गेली, नेम संपला. आज तिच्या नावानं पान पूर्ण जेव. पुढच्या महिन्यात देवीला उद्यापन करू, मग स्थळं बघू. स्वल्प तरी घे."

आणि वाढलीच त्यांनी गवार! पळीभर.

दोन्ही पंगती माझ्याकडे बघत होत्या. नाही खाल्लं तर तुझ्या नावाच्या पानाला नाही म्हटल्यासारखं. खाल्लं तर ऑपरेशनचं टेबल. तू असतीस तर एखादा पोटनियम काढला असतास, देवीला गवार चालत नाही म्हणून. मीही शोधत होते. सुचलं काहीच नाही. पोटातलं दुखणं सहाच्या पुढे गेलं होतं, आणि तुझी फार आठवण आली. राग आला म्हटलं तरी चालेल. नेमाची छत्री देऊन मालकीणच निघून गेली.

मी म्हटलं, "काकू, नेम नव्हताच. मला आतड्याचा आजार आहे. बरा न होणारा. मला रोज दुखतं. ही भाजी खाल्ली तर मला इथून हॉस्पिटलात न्यावं लागेल."

मग तुझं म्हणणं तंतोतंत खरं झालं. खीर यायच्या आत मला ओवा, कोरफड, ताकातलं हिंग आणि मागडी रोडचे एक वैद्य सुचवून झाले होते. "पोटच ना? होतं बरं," असंही कोणी म्हणालं. तेवढ्यात समोरच्या पंगतीतून अण्णा बोलले. वर्षभरात तुझ्या नवऱ्याचा आवाज मी इतका मोठा ऐकला नव्हता.

"तिचं पण मौन नव्हतं ते."

कोणाला काही कळेना. अण्णा पानाकडे बघत म्हणाले, "गालात विजेसारखी कळ जायची तिच्या. बोललं की जायची, चावलं की जायची, वारं लागलं तरी जायची. मोठ्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या होत्या. गोळ्यांनी नुसती झोपायची, म्हणून घ्यायची नाही. दुखायला लागलं की मौन म्हणायची. मला शपथ घातली होती. सरी, असू दे, आता लपवून कोणासाठी ठेवू?"

वसूकाकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. "आम्ही तिला मौनात बघून नमस्कार करायचो," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या. मग त्यांनी माझ्या पानावरची गवार स्वतःच्या हाताने उचलली, माझा डबा उघडला आणि त्यातला भात मला वाढला. डोळे मिटले नाहीत, पुटपुटल्या नाहीत. रडत मात्र होत्या.

आत्या, हे तू मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यापुढे फरशीवर पडून सगळं ओकले होते. पिळतं, की कापतं, की जळतं हे तू कुठून शिकलीस, ते आता कळतंय. शेजारी बसून मऊ भात खायचीस तो तुला चावता येत नव्हता म्हणून. मी म्हणत होते, आत्या मला सोबत करते. सोबत होतीच की गं, पण एकाच बाजूने. तुझ्या गालावर गरम पिशवी धरायला मला आवडलं असतं. निदान कॅलेंडरचा विनोद केला नसता.

रागावले आहे, पण फार नाही. मला ठाऊक आहे तू का गप्प बसलीस. मीही दर महिन्याला सर्दीच सांगते.

उद्या ऑफिसात खरं कारण सांगणार आहे. ओवा सुचवतील, सुचवू देत. रविवारी चामराजपेटला जाईन. वसूकाकू मऊ भात करणार आहेत, आणि अण्णांनी मला तुझ्याबद्दल आणखी सांगायचं कबूल केलंय.

आणि तुला वचन देते. तुझ्या घरी कोणी म्हणालं की बाई मोठी मौनव्रती होती, तर मी तिथल्या तिथे सांगेन की मौन नव्हतं, तिला दुखत होतं. ते सांगितल्याशिवाय तिथे घास घेणार नाही. हा नेम मात्र खरा आहे.

तुझी,
मीरा