ओदिलोनचं लिंबूसरबत

२ फेब्रुवारी, सोमवार

झाकण न लावता मिक्सर चालू केला! छतापर्यंत हिरवे शिंतोडे. पुसले कोणी? मीच.

ओदिलोन गिरणीतून रिटायर झाला आणि माझ्या स्वयंपाकघरात घुसला. जन्मात कधी पाणी गरम केलं नाही. आज सकाळी कॉफी पिताना म्हणतो, ‘दाल्वा, मला लिंबूसरबत शिकायचंय.’ म्हणजे आमचं रविवारचं, कंडेन्स्ड मिल्क घालून करायचं ते. त्याला स्विस म्हणतात. ब्राझीलच्या कोपऱ्यातल्या या काटागुआझेस गावात स्वित्झर्लंड पाहिलाय कोणी, देव जाणे.

म्हटलं, ‘शीक की. आधी लिंबू आणि संत्र्यातला फरक शीक.’ हसला नाही.

३ फेब्रुवारी

आज पुन्हा. लिंबं सालासकट चिरून टाकायची, एवढं बघून बघून माहीत झालंय. पण मिक्सर बंद कधी करायचा हे साहेबांना कोण सांगणार? घर्रर्र चालूच. सालाचं पार पीठ झालं. ‘थोडं कडवट लागतंय का गं?’ म्हणे. थोडं! विष होतं नुसतं. त्याच्या देखत मोरीत ओतलं.

५ फेब्रुवारी

मिक्सर आज वेळेवर बंद केला — मी बाहेरून ओरडले म्हणून. पण मग गाळणीतला चोथा चमच्याने दाबत बसला, शेवटच्या थेंबापर्यंत. गिरणीची सवय, सूत वाया जाता कामा नये. सालातला सगळा कडूपणा खाली उतरला.

मी बघत उभी होते. मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, पिऊ दे. आणि तो पूर्ण ग्लास प्यायला, माझ्याकडे बघत. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रोझांजेला आणि जावई जुइझ दे फोराहून जेवायला आले. भेंडी घालून कोंबडी केली होती. भात, घेवडा, सगळं माझं नेहमीसारखं. ओदिलोनने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजचं सरबत त्याचं.

आणि केलं कधी? सकाळी चर्चला जायच्या आधी! फ्रिजमध्ये ठेवून छाती फुगवून हिंडत होता. हे सरबत करायचं आणि तिथल्या तिथे प्यायचं, नाहीतर कडू होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जावयाने एक घोट घेतला आणि ग्लासावरची नक्षी बघत बसला. गरीब बिचारा.

मग मी सगळी कथा सांगितली. झाकण, छत, गाळणी, चमचा — हातवारे करून. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. ओदिलोन ताटातला भात चिवडत होता. मी उठून नवीन सरबत करून आणलं.

भांडी घासताना रोझांजेला म्हणाली, ‘आई, किती बोलतेस गं त्यांना.’ म्हटलं, ‘तो ऐकतो कुठे?’ ‘ऐकतात. सगळं ऐकतात.’ पहिल्यापासून बापाचीच बाजू घेते ती.

११ फेब्रुवारी

आता उलगडा झाला! शेजारच्या क्रेमिल्दाने कुंपणावरून सांगितलं. ‘दाल्वाबाई, ओदिलोनभाऊ काल मला विचारत होते, भाताला लसूण आधी परतायचा की कांदा. नशीब काढलंत हो तुम्ही.’ नवीन दात बसवल्यापासून ही विधवा बाई रोज ओठ रंगवते. तिच्यापुढे दिवे लावायचेत तर त्याला!

खुशाल जा म्हणावं. तिचा घेवडा खाऊन बघ, मिठाचा खडा चोखल्यासारखा. पळत येशील घरी. या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही, आणि ते तसंच राहायला हवं. अडतीस वर्षं संसार करून माझ्या हातात दुसरं आहे काय?

१२ फेब्रुवारी

स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली. कॉलर जाळली.

१६ फेब्रुवारी

शेवटी मीच शिकवलं. लिंबांची नासाडी बघवेना.

दोन्ही टोकं कापायची. मधला पांढरा दोरा काढून टाकायचा. पाणी, साखर, झाकण — झाकण! माझी आई मिक्सरची वेळ कशी मोजायची तेही सांगितलं. क्रुसाची खूण एकदा करायची, शेवटी ‘आमेन’ म्हटलं की बटण बंद. तर हा डावा हात झाकणावर ठेवून उजव्या हाताने खूण करतोय, तोंड असं की समोर बिशपच उभा आहे. मला हसू आवरेना. मग तोही हसला. किती दिवसांनी हसला.

गाळताना दाबायचं नाही. मग दूध, बर्फ, पुन्हा एक फिरकी, आणि लगेच प्यायचं. सगळं मुकाट्याने ऐकलं. वर विचारतो, ‘एकट्यापुरतं करायचं तर किती लिंबं?’ म्हटलं, ‘एक. पण एकटं कोण पीत बसतं रे, बावळटा?’

१९ फेब्रुवारी

आज जमलं त्याला. फिकट हिरवा रंग, वर बोटभर फेस. मी म्हटलं, बर्फ जास्त झालाय. काही जास्त झाला नव्हता.

इथे लिहायला हरकत नाही — माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. त्याला सांगितलं नाही, लगेच डोक्यावर बसेल. रविवारी पोरं आली की सगळ्यांसमोर सांगेन. एकदा खूश होऊ दे.

२२ फेब्रुवारी, रविवार

मी चर्चमध्ये असताना ओदिलोन घर सोडून गेला. क्रेमिल्दाबरोबर नाही, ती माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. त्याने उबा गावात भाड्याने खोली घेतलीय, तीही गेल्या नाताळच्या आधीच. टेबलावर किल्ली ठेवून गेला.

रोझांजेलाला फोन केला. तिला सगळं माहीत होतं. ‘बाबा म्हणाले, आधी सगळं करायला शिकतो, मग जातो. उपाशी परत आलो तर तुझी आई जन्मभर हसेल.’

म्हटलं, तू तरी ये जेवायला. कोंबडी केलीय.

म्हणाली, ‘आज नाही गं आई. आज बाबांनी बोलावलंय.’